सोलापुरात सॉफ्ट कोरल: विकायच्या आधी एक उन्हाळा काढा



या आठवड्याच्या व्हिडिओत मरीन टँकवर बोललो, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीवर. व्हिडिओत आकडे पटापट निघून जातात, म्हणून इथे सगळं सविस्तर लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

बऱ्याच जणांच्या डोक्यात हिशोब असा असतो: मुंबईहून कोरल आणायचं, दुप्पट भावात विकायचं, झालं. सोलापुरात हा हिशोब बसत नाही. समुद्र इथून साडेतीनशे-चारशे किलोमीटरवर, मे महिन्यात पारा ४३ च्या आसपास, नळाला पाणी काही दिवसांआड. अशा गावात कोरल आणणं सोपं आहे, जगवणं अवघड. पण म्हणूनच जगवून दाखवणाऱ्याला इथे किंमत आहे. गिऱ्हाईक तुम्हाला पैसे देणार ते पाणी वर्षभर एकसारखं ठेवण्याचे. कोरल त्याला दुसरीकडेही मिळेल.

माझा सल्ला सरळ आहे. आधी स्वतःच्या घरात एक टाकी लावा, एक पूर्ण उन्हाळा काढा, मगच पहिलं गिऱ्हाईक घ्या.

आधी कायदा, मग टाकी

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण इथे चुकलात तर धंदाच काय, सगळंच अडचणीत येतं. आपल्या नान्नजचा माळढोक वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या ज्या अनुसूची १ मध्ये आहे, त्याच अनुसूचीत प्रवाळही आहे. २००१ पासून पाच गट तिथे आहेत: खडक बांधणारे सगळे कठीण कोरल, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि सी फॅन. यांचा व्यापार म्हणजे कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड. मेलेला, पांढरा पडलेला शोभेचा तुकडासुद्धा यातून सुटत नाही.

कायदा किती गंभीर आहे त्याचं एक उदाहरण. २०२० मध्ये मुंबईच्या कोस्टल रोडसाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळाच्या १८ वसाहती हलवायच्या होत्या. त्यासाठी महापालिकेलासुद्धा या कायद्याखाली परवानगी घ्यावी लागली आणि काम राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांकडून करून घ्यावं लागलं. मग आपण कोण?

सॉफ्ट कोरलच्या ज्या जाती घरगुती टाकीत असतात, म्हणजे लेदर, मशरूम, झोआ, झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप, त्या या पाच गटांत मोडत नाहीत. खरा सापळा वेगळाच आहे. टॉर्च, हॅमर आणि बबल ही कोरल पाण्यात इतकी मऊ डुलतात की नवखा माणूस त्यांना बिनधास्त सॉफ्ट म्हणतो. प्रत्यक्षात त्यांच्या खाली दगडी सांगाडा असतो, म्हणजे ती कठीण कोरलमध्ये येतात. सी फॅन आणि ऑर्गन पाइप तर सॉफ्ट कोरलचेच नातेवाईक, पण नाव घेऊन अनुसूचीत घातलेले. तेव्हा विकणारा "सगळं सॉफ्टच आहे हो" म्हणाला तरी बिलावर शास्त्रीय नाव लिहून घ्या. नाव लिहून द्यायला जो का-कू करतो त्याच्याकडून माल घेऊ नका. अनुसूच्या बदलत असतात, त्यामुळे खरेदीच्या आधी वन विभागाच्या सोलापूर कार्यालयात जातींची यादी देऊन लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा.

आणि हो, मालवणला फिरायला गेलात आणि खडकावरून एखादा तुकडा उचलून आणला, असलं काही करू नका. तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. टाकीत दगडही कारखान्यात बनवलेलेच घाला.

हा प्राणी जगतो कशावर?

कोरल झाडासारखं दिसतं पण प्राणी आहे. त्याच्या अंगात एकपेशीय शैवाल राहतं. ते प्रकाशात अन्न तयार करतं आणि मोठा वाटा घरमालकाला देतं. भाडेकरूच घरमालकाला जेवू घालतोय असं समजा. पाणी फार तापलं किंवा प्रकाश एकदम वाढवला की हा भाडेकरू घर सोडतो, कोरल पांढरं पडतं आणि उपाशी मरायला लागतं.

सॉफ्ट कोरलला दगडी सांगाडा बांधायचा नसतो, म्हणून कठीण कोरलपेक्षा ते जास्त सोसतं. पण सोसणं वेगळं आणि सुखात राहणं वेगळं. या आकड्यांच्या आत राहा: तापमान २४ ते २७ अंश. क्षारता ३५, म्हणजे हजार भाग पाण्यात ३५ भाग क्षार. क्षारकता ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम. नायट्रेट ५ ते १५, फॉस्फेट ०.०३ ते ०.१.

शेवटचे दोन आकडे पुन्हा वाचा. ते शून्य असावेत असं मी लिहिलेलं नाही. अति स्वच्छ पाण्यात सॉफ्ट कोरल आक्रसतं, रंग उडतो, आणि वाळूवर तपकिरी चिकट शेवाळ धरतं. नवखे लोक टाकी आरशासारखी करण्याच्या नादात कोरलला उपाशी ठेवतात.

प्रकाश मध्यम हवा, पार मीटरवर ५० ते १५०. प्रवाह कोरलवर सरळ आदळू नये. काचेवर आपटून परत आलेला, कमी-जास्त होणारा चांगला.

पाणी: इथेच निम्मी लढाई

तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी धरू. काठोकाठ १९० लिटर, दगड-वाळू वजा जाता साधारण १५० लिटर पाणी. यापेक्षा लहान टाकी स्वस्त वाटते, पण कमी पाण्यात तापमान आणि क्षार दोन्ही पटकन हलतात. सुरुवातीला लहान टाकीच्या मोहात पडू नका.

आपल्याकडे नळाला पाणी आलं की सगळी भांडी भरायची, नाही आलं तर बोअर, नाहीतर टँकर. माणसाला चालतं. टाकीला मात्र दर वेळी वेगळं पाणी मिळतं. उजनीचं पाणी एका टीडीएसचं, बोअरचं त्याच्या कितीतरी पट. म्हणून आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिन लावून टीडीएस शून्यावर आणल्याशिवाय पाणी वापरायचं नाही. घरातला पिण्याचा आरओ चालत नाही, कारण त्यात चवीसाठी थोडं मूळ पाणी मिसळतात किंवा खनिजं घालतात. आरओमधून एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर जातं. सोलापुरात हे पाणी गटारात सोडणं परवडणारं नाही. फरशी, गाडी, संडास यासाठी पिंपात साठवा.

मीठ मरीन सॉल्टच हवं. समुद्राच्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून सुमारे ८५ टक्के असतात. बाकीच्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे. स्वयंपाकाच्या मिठात हे बाकीचं नसतं. लिटरला साधारण ३७ ग्रॅम मीठ घाला, पंप लावून रात्रभर फिरवा, मग रिफ्रॅक्टोमीटरने मोजा. रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या.

नवीन टाकीत लगेच कोरल नको. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की पहिला मशरूम घाला. सर्वांत चिवट तोच.

मे महिन्याची परीक्षा

टाकीतलं मीठ उडत नाही, पाणी उडतं. सोलापूरच्या कोरड्या हवेत पंखा लावलेल्या या टाकीतून उन्हाळ्यात दिवसाला तीन-चार लिटर पाणी सहज उडतं. समजा गिऱ्हाईकाचं कुटुंब पाच दिवस गावाला गेलं आणि रोज चार लिटर गेले. १५० चे राहिले १३० लिटर, मीठ तेवढंच. क्षारता ३५ वरून ४० च्या पुढे. परत आल्यावर कोरल मिटलेलं, कडेने विरघळायला लागलेलं, आणि फोन तुम्हालाच.

यावर उपाय म्हणजे पातळी कमी झाली की आपोआप भर घालणारा ऑटो टॉप-अप. भर नेहमी गोड्या, शून्य टीडीएसच्या पाण्याची. खाऱ्या पाण्याची घातली तर क्षार वाढतच जातो. माझ्या मते सोलापुरात टॉप-अप नसलेल्या टाकीचं काम घेऊच नये.

आता थंडाव्याचं. पाण्यावर मारलेला साधा पंखा दोन ते चार अंश उतरवतो, आणि हवा जितकी कोरडी तितका जास्त. या बाबतीत आपण मुंबईपेक्षा नशीबवान. पण त्याच खोलीत पाण्याचा कूलर चालू असेल तर हवा आधीच दमट झालेली असते आणि टाकीवरच्या पंख्याचा जोर कमी होतो. दुपारी खोली ३७-३८ वर गेली तर पंख्याने २७ गाठणं कठीण, तिथे चिलर लागतोच. चिलर जेवढी उष्णता पाण्यातून काढतो तेवढी, वर स्वतःची थोडी, मागून बाहेर टाकतो. तो टाकीखालच्या बंद कपाटात ठेवला तर स्वतःचीच गरम हवा ओढत बसतो. ही चूक सुतारकाम ठरतानाच पकडा.

दुसरी गोष्ट वीज. एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी वळवाचा पाऊस आला की लाइट गेलीच म्हणून समजा. लाइट गेल्यावर तापमान हळूहळू चढतं, पण ऑक्सिजन त्याच्या आधी संपतो, कारण पाणी हलायचं थांबतं. गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो. डीसी वेव्हमेकर दहा-बारा वॅट खातो. तो तेवढा इन्व्हर्टरवर घ्या, शिवाय बॅटरीचा एअर पंप ठेवा. गिऱ्हाईकाच्या घरी टाकी सुपूर्द करताना मेन स्विच बंद करून दाखवा, काय चालू राहतं ते त्याला बघू द्या. खारं पाणी आणि वीज जवळजवळ आहेत, म्हणून ईएलसीबी नसलेल्या बोर्डावर टाकी जोडू नका आणि प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे थेंब सॉकेटात न जाता खाली गळतो.

विजेचा खर्चही मोजून सांगा. उन्हाळ्यात चिलर २०० वॅट, दिवसाला बारा तास, म्हणजे २.४ युनिट. एलईडी १०० वॅट, नऊ तास, ०.९. पंप २५ वॅट, दिवसरात्र, ०.६. वेव्हमेकर सुमारे ०.२४. एकूण दिवसाला ४.१ युनिट, महिन्याला १२४ च्या आसपास. दर त्याच्या बिलावरून लावा. हा आकडा आधी न सांगितलेलं गिऱ्हाईक जूनमध्ये टाकी बंद करतं.

मेलंय की रुसलंय?

लेदर कोरल मधूनच चार-पाच दिवस, कधी आठवडाभर मिटून बसतं. अंगावर मेणासारखा पातळ पापुद्रा येतो. नवा मालक घाबरतो, "साहेब, हे गेलं वाटतं." गेलेलं नसतं, कात टाकत असतं. प्रवाह थोडा वाढवा, हात लावू नका. खरंच गेलेलं कोरल काळपट-तपकिरी होतं, लोळागोळा होतं आणि घाण वास मारतं. ते त्याच तासाला बाहेर काढा, कारण एक मोठं लेदर कुजलं तर सगळ्या टाकीचं पाणी नासतं.

सॉफ्ट कोरल शेजाऱ्यांशी पाण्यात रसायनं सोडून भांडतं. दिसत काहीच नाही, फक्त एक जोमात वाढतं आणि बाकीची खुरटतात. टाकीत सॉफ्ट कोरलच्या दोन-तीन जाती झाल्या की अॅक्टिव्हेटेड कार्बन कायम चालू ठेवा आणि तीन-चार आठवड्यांनी बदला. झेनिया आणि ग्रीन स्टार पॉलिप गवतासारखे पसरतात. त्यांना वाळूत सुटा दगड द्या, मुख्य रचनेवर नको.

माशाला रोग झाला तर तांब्याचं औषध या टाकीत कधीच नाही. मासा वेगळ्या टाकीत हलवून तिथे द्या. आणि घरातल्या बाईंना किंवा जो कोणी संध्याकाळी मशीन लावतो त्याला सांगून ठेवा: डासांचं लिक्विड आणि फवारा टाकीच्या खोलीत नको. त्यातली पायरेथ्रॉइड जातीची औषधं जलचरांना विषारी असतात, आणि एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. दिवाळीच्या रंगकामाच्या वेळीही हीच काळजी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे तुमच्या जिवाचं आहे. झोआ आणि विशेषतः पॅलिथोआ जातीत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असू शकतं. कापताना हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल हवाच, हाताला जखम असेल तर काम पुढे ढकला. झोआ बसलेला दगड उकळायचा नाही, गरम पाण्याने धुवायचा नाही, ब्रशने कोरडा घासायचा नाही. वाफेतून आणि तुषारांतून विष अंगात जातं आणि घरातल्या सगळ्यांना दवाखाना दिसतो. ही भांडी, सुरी, टॉवेल वेगळे ठेवा, स्वयंपाकघरात नेऊ नका.

धंदा कुठे आहे?

एक, वाढवलेले तुकडे. मशरूम किंवा लेदर धारदार ब्लेडने वेगळ्या भांड्यात कापायचं, कापलेला तुकडा बारीक खड्यावर जाळी किंवा सैल रबर लावून दोन-तीन आठवडे ठेवायचा. बुळबुळीत अंगाला गोंद धरत नाही, म्हणून हा खटाटोप. तुमच्याच पाण्यात वाढलेला तुकडा सोलापूरच्या उन्हाळ्याला सरावलेल्या हातातून जातो, आणि समुद्रातून नव्याने काही ओरबाडावं लागत नाही. बाहेरून माल मागवलात तर एक लक्षात ठेवा: लांबच्या प्रवासात पिशवीत अमोनिया साठतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जास्त विषारी होतो. तेव्हा बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगवून तापमान जुळवा, आणि उघडल्यावर तासभर ठिबक लावत बसू नका.

दोन, पाण्याचे जार. पिण्याच्या पाण्याचे जार पोचवणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. शून्य टीडीएसचं पाणी आणि मोजून ३५ वर आणलेलं खारं पाणी २० लिटरच्या जारमध्ये पोचवणारा मात्र शोधावा लागेल. प्रत्येक जारवर तारीख आणि क्षारता लिहा.

तीन, देखभालीचा करार. माझ्या मते मुख्य कमाई इथेच. पण भाव अंदाजपंचे सांगू नका. वरच्या टाकीला आठवड्याला १० टक्के पाणी बदललं तर महिन्याला ६० लिटर, म्हणजे सव्वादोन किलो मीठ. समजा मीठ ३०० रुपये किलो, तर ६६० च्या आसपास. शुद्ध पाणी १२०, कार्बन आणि चाचण्या २००, पेट्रोल १५०. दोन फेऱ्या, प्रत्येकी दोन तास, तासाला २०० धरले तर ८००. झाले १,९३०, आणि यात अजून नफा धरलेला नाही. हे दर उदाहरणादाखल आहेत, तुमचे घाला. पण "हजार रुपयांत महिनाभर बघतो" म्हणणारा एक तर पाणी बदलत नाही, नाहीतर खिशातून घालतोय.

कोरलच्या जोडीला क्लाउनफिश मागणारे हमखास असतात. तो समुद्रातून पकडलेला न घेता हॅचरीत वाढवलेला घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या प्रजननाचं तंत्र बसवलेलं आहे. शोभिवंत मासे वाढवण्यासाठी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या छोट्या युनिटचा खर्च ३ लाख धरला होता, सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान. ते माशांसाठी आहे, कोरलसाठी धरून चालू नका. सध्या अर्ज चालू आहेत का, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊनच विचारा.

आजपासून एक वही घाला. रोज सकाळी आणि दुपारी तीनला तापमान, दिवसाआड क्षारता, आठवड्याला क्षारकता आणि नायट्रेट, आणि किती लिटर भर घातली ते. पहिल्या गिऱ्हाईकाकडे जाताना एप्रिल आणि मे ची पानं उघडून त्याच्यासमोर ठेवा. दुपारी तीनचे आकडे त्याला आधी दाखवा.